उणे साठ

रुपयाचे शंभर पैसे होतात, ही माहिती आता शाळेतल्या तोंडी परीक्षेपुरतीच उरली आहे. बाजारात पैसा कोणी घेत नाही आणि दानपेटीत टाकायची आपल्यालाच लाज वाटते. मी मात्र रोज सकाळी दहा ते बारा पैशांतच हिशेब करीत बसलेला असतो. अगदी पैशाच्या दहाव्या भागापर्यंत. धंदा विचाराल, तर मी आवाज तपासतो.

झाले असे, की जळगाव-धुळ्याकडच्या काही हौशी मंडळींनी जुनी, हक्क संपलेली मराठी पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. ज्यांना दिसत नाही, ज्यांना दिसते पण वाचवत नाही, अशांसाठी. वाचणारे भराभर मिळाले. खानदेशात बोलायला माणूस कधी कमी पडलेला नाही. कमी पडला तो ऐकणारा. वाचलेले सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे, कुठे ओळ गळली, कुठे कुत्रे भुंकले, कुठे वाचणाऱ्याने मध्येच ‘गॅस बंद कर गं’ म्हटले, याची नोंद करायची आणि वर यंत्राकडून आवाजाची मोजणी करून घ्यायची. हे काम सर्वानुमते माझ्या गळ्यात पडले. निवृत्त माणसाला वेळ असतो, असा लोकांचा समज आहे आणि तो खोडून काढायलाही मला वेळ झाला नाही.

त्यासाठी पुतण्याने माझ्या कॉम्प्युटरवर ‘ऑडॅसिटी’ नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. ऑडॅसिटी म्हणजे धाडस. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्याने आणि त्याच्या प्राध्यापकाने तो रचायला घेतला आणि पुढे जगाला फुकट देऊन टाकला. यात आवाज निळ्या डोंगररांगेसारखा दिसतो. एक बटण दाबले, की खाली तीन आकडे उमटतात आणि पुढे पास की नापास ते लिहून येते. हे आकडे ठरवले एसीएक्स नावाच्या अमेरिकन बाजाराने. तिथे ऑडिओबुके तयार करवून विकायला ठेवतात. आमचे काही विकायचे नव्हते. पण मोजायला कोणाची तरी पट्टी हवी, म्हणून आम्ही ती उसनी घेतली.

तिन्ही आकडे उणे असतात. हे मला पहिल्यांदा फार अशुभ वाटले. पण त्याचे कारण साधे आहे. यंत्रात मावेल असा मोठ्यात मोठा आवाज म्हणजे शून्य. त्याच्यावर जागाच नाही, म्हणून बाकीचे सगळे त्याच्या खाली, म्हणजे उणे. माप डेसिबलचे. यातला बेल म्हणजे महादेवाला वाहतो तो नव्हे. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलच्या नावाचा, आणि डेसि म्हणजे त्याचा दहावा भाग. दर वीस डेसिबल खाली उतरले, की आवाजाच्या लाटेची उंची एक दशांश उरते. हे ध्यानात राहीना, तेव्हा मी सगळे रुपयात बसवले. शून्य म्हणजे पुरा रुपया. नियम असा, की वाचणारा कितीही ओरडला तरी उणे तीनच्या वर जाता कामा नये, म्हणजे सत्तर पैशांच्या वर नाही. सरासरी जोर उणे तेवीस ते उणे अठरा, म्हणजे सात ते साडेबारा पैसे. आणि वाचणारा गप्प असताना खोलीत जे काही गुणगुणत असेल ते उणे साठच्या खाली हवे. उणे साठ म्हणजे रुपयाचा हजारावा भाग. पैशाचा दहावा.

सत्तर पैसे आणि साडेबारा पैसे आमच्या मंडळींना जमले. पैशाच्या दहाव्या भागाने मात्र सगळ्यांना घाम फोडला आणि हा घाम शब्दशः घ्यावा. कारण पंखा. ज्या अमेरिकन गृहस्थाने हा नियम केला त्याने मे महिन्यात जळगावला यावे. पारा ४५ च्या घरात असतो. पंखा बंद करून ‘श्यामची आई’ वाचायची म्हणजे श्यामच्या आईपेक्षा वाचणाराच जास्त सोसतो. पंखा चालू ठेवला तर खोलीची शांतता उणे ४४ वर येते, कूलर लावला तर शांतता ही गोष्टच राहत नाही. त्यातून भुसावळकडून येणारी मालगाडी, गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायकांची चर्चा आणि लग्नसराईतला बँड.

बरे, नुसती चिडीचूप शांतताही चालत नाही. फाइलीच्या आरंभी अर्धा ते एक सेकंद आणि शेवटी एक ते पाच सेकंद खोलीची शांतता ठेवायची, असा नियम आहे. ‘खोलीची’ हे महत्त्वाचे. कॉम्प्युटरने केलेली कोरी शांतता घातली, तर ऐकणाऱ्याला यंत्र बंद पडल्यासारखे वाटते. म्हणजे शांतता हवी, पण त्याच खोलीची हवी. शांततेलाही रहिवासी दाखला लागतो, हे मला या वयात कळले.

हे सगळे नियम अलीकडच्या पोरांचे खूळ असेल, असा माझा समज होता. पण काम करता करता मी चौकशी करू लागलो आणि लक्षात आले, की आवाज तपासणारा माणूस आवाजाच्या यंत्राइतकाच जुना आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित करत होता. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे, आणि शेवटी बाई इंग्रजीत आपले नाव सांगते. लोकांना तो बाईंचा नखरा वाटायचा. खरे कारण निराळे होते. तबकड्या छापायचा कारखाना जर्मनीत हानोव्हरला. तिथल्या कामगाराला ठुमरी कोणती आणि गाणारी कोण, हे काय कळणार? गाण्याच्या शेवटी नाव आले, की तो योग्य चिठ्ठी चिकटवी. १९०८ साली सियालदहला कारखाना निघेपर्यंत हिंदुस्थानातल्या गवयांची ओळख जर्मन माणसाच्या कानावर अवलंबून होती. आमच्याही प्रत्येक फाइलीच्या आरंभी पुस्तकाचे, लेखकाचे आणि वाचणाऱ्याचे नाव घ्यावे लागते. आमच्यातले एक गृहस्थ नावाबरोबर हुद्दाही सांगायचे. निवृत्त उपअभियंता, पाटबंधारे. ते मी कापले. आणि कापले याची त्यांनी वर्षभर आठवण ठेवली.

त्या काळी मीटर नव्हता. कर्ण्यासमोर गायचे, सूर चढला की गवयाला खांद्याला धरून मागे ओढायचे आणि उतरला की पुढे ढकलायचे. आवाज मोजायची रीत ती एवढीच. मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहावी, तर सुई तिला खरवडून टाकी. म्हणजे तपासली की बिघडली. १९२५ साली विजेचा मायक्रोफोन आला आणि १९३९ साली अमेरिकेत प्रयोगशाळावाल्यांनी आणि रेडिओवाल्यांनी मिळून थरथरत्या काट्याचा तो मीटर ठरवला, जो पुढे जगभरच्या रेडिओ केंद्रांतून दिसू लागला. जळगावला आकाशवाणी केंद्र १९७६ साली आले. तिथे भाषणाला गेलेली माणसे परत येऊन गावात दोनच गोष्टी सांगत: एक, दार एवढे जाड होते की बँकेच्या तिजोरीला नसेल आणि दोन, कागद टाचणी काढून सुटे ठेवायला लावले, सळसळ होते म्हणून. त्यात थंडगार खोली हा तिसरा मुद्दा असे. आमच्या मंडळींची सगळी धडपड म्हणजे ती जाड दाराची खोली घरच्या घरी करण्याची. त्यासाठी गोधड्या वापरतात. चारी बाजूंनी गोधड्या टांगायच्या आणि आत बसून वाचायचे. मे महिन्यात.

आता आवाजाच्या पुस्तकांचे बघा. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि दुसऱ्याच वर्षी एका मासिकात त्याचे काय काय उपयोग होतील याची यादी छापली. आपण समजतो गाणी पहिली. तसे नाही. पहिली पत्रे, म्हणजे कारकुनाशिवाय मजकूर सांगणे. आणि दुसऱ्या क्रमांकावर अंधांसाठी बोलणारी पुस्तके. गाणी पुढे. पण तीन-चार मिनिटांच्या तबकडीवर कादंबरी मावणार कशी? पन्नास-साठ वर्षे ती यादी तशीच राहिली. मग पहिले महायुद्ध झाले, त्यात डोळे गमावून तरुण पोरे परत आली आणि त्यांतलाच एक, कॅप्टन इयन फ्रेझर, या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागला. १९३५ साली इंग्लंडात पहिली बोलकी पुस्तके निघाली. तबकडी मिनिटाला फक्त २४ फेरे घेई आणि एका बाजूला सुमारे २५ मिनिटे वाचन मावे. पहिल्या दोनांत एक अगाथा ख्रिस्तीची खुनाची गोष्ट आणि दुसरी जोसेफ कॉन्रडची ‘टायफून’. गंमत म्हणजे २००५ साली मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅकग्वायरने ‘लिब्रिवॉक्स’ सुरू केले, जगभरच्या हौशी लोकांनी हक्क संपलेली पुस्तके वाचून फुकट वाटायची म्हणून, तेव्हा त्यांचे पहिले पुस्तकही कॉन्रडचेच होते. हा कॉन्रड जन्माने पोलिश. इंग्रजी लिहायला देवासारखा आणि बोलायला लागला की उच्चार असे, की इंग्रज मंडळी तोंडाकडे बघत राहायची. त्याला स्वतःची कादंबरी वाचायला बसवले असते, तर तपासनिसाने काय शेरा मारला असता, कोण जाणे.

म्हणण्याचा मुद्दा असा, की ही आकड्यांची कटकट ज्याच्यासाठी निघाली तो माणूस डोळ्यांनी अधू, बऱ्याचदा म्हातारा, एकटा बसून ऐकणारा आहे. एक प्रकरण हळू, दुसरे मोठे, असे झाले की त्याला उठून, चाचपडत, यंत्राचा कान पिळावा लागतो. सात ते साडेबारा पैसे या नियमात तेवढे उठणे वाचते.

धुळ्याला ही गोष्ट फार आधी ठाऊक होती, असे म्हटले तर धुळेकरांना आनंद होईल. आणि ते खोटेही नाही. तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातचे वाल्मीकि रामायण जपून ठेवले आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव पेशाने वकील. पण १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढून हा गृहस्थ मठामठांतून हिंडला, बाडे गोळा केली आणि डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ साली ‘दासबोध’ छापला. त्या दासबोधाचा एकोणिसावा दशक उघडून पहिला समास वाचा. विषय काय, तर पोथी लिहावी कशी. अक्षर सुटे, गोल आणि सरळ काढावे; पहिले अक्षर जेवढे, तेवढेच शेवटपर्यंत राहावे, एका टाकाने एका दमात लिहिल्यासारखे वाटावे; ओळीला ओळ भिडू नये; आणि चहूबाजूंनी कोरी जागा सोडावी, म्हणजे काळाने कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही.

मी हे वाचले आणि उठून पंखा बंद केला. अहो, हे आमचेच नियम आहेत! पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकसारखेपणा, म्हणजे सरासरी जोर सात ते साडेबारा पैसे. कडेची कोरी जागा, म्हणजे आरंभीची आणि शेवटची खोलीची शांतता. सत्तर पैशांच्या वर जाऊ नका, वरचे तीस पैसे मोकळे ठेवा, म्हणजे तोही समासच, वरचा. अमेरिकन बाजाराने साडेतीनशे वर्षे उशिरा आकडे घातले, एवढेच. फक्त समर्थांच्या यादीत पंखा नाही.

त्याच धुळ्यात १९३२ साली एक मोठे मुद्रण झाले, पण यंत्राशिवाय. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे कैदेत होते. २१ फेब्रुवारीला त्यांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा संपला. मी कॅलेंडर मांडून बघितले, अठरा रविवार बरोबर भरतात, एकही चुकलेला नाही. ही हजेरी तुरुंगातच साधते. समोर बसलेल्या कैद्यांत साने गुरुजी होते आणि ते उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या लेखणीतून आले. आता विचार करा: मायक्रोफोन एक, साने गुरुजी. मुद्रणयंत्र एक, साने गुरुजी. नक्कल नाही, दुसरी घेणी नाही. त्या दिवशी गुरुजींना पडसे झाले असते, तर एक अध्याय गेला असता. आणि जे आले ते शब्द आले. विनोबा कुठे थांबले, कुठे आवाज खाली आला, मार्च उलटून धुळ्याचे ऊन चढू लागले तसा तो बदलला का, हे कागदावर येणे शक्यच नव्हते.

खानदेशाचे हे असेच चालत आले आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर गाणी सुचायची ती त्या म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती टिपली म्हणून राहिली. बाई १९५१ साली गेल्या आणि पुस्तक १९५२ साली आले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आणि ग्रियर्सनसाहेबांनी सगळ्या हिंदुस्थानच्या बोलीभाषांची पाहणी केली, तीत प्रत्येक बोलीतून उधळ्या मुलाची तीच बायबलमधली गोष्ट सांगवून घेतली होती. १९०७ साली निघालेल्या त्यांच्या खंडात आमच्या खानदेशीला भिल्ल बोलींच्या पंगतीत बसवले आहे. गोष्ट सगळीकडे एक, म्हणून फरक कळतो. ही तपासणीच होती. फक्त तिच्यात पास-नापास नव्हते.

आणि हेच पास-नापासचे प्रकरण आमच्याकडे पेटले ते धुळ्याच्या आक्कामुळे.

आक्का म्हणजे माझी मामेबहीण, वय ७१. तिचे यजमान, ज्यांना सगळे गाव नाना म्हणते, माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचे. काचबिंदूने त्यांची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आक्का त्यांना वाचून दाखवते. मग मुद्रण कशाला? मी विचारले, तर नाना म्हणाले, “समोर बसून वाचते तेव्हा मध्येच थांबून मला अर्थ समजावते. चौतीस वर्षे मराठी शिकवलं मी. यंत्रात तेवढं होत नाही.” शिवाय ती पुण्याला लेकीकडे दोन-दोन महिने जाते. नानांना आधी ‘गीता प्रवचने’ हवी होती. पण आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात; विनोबा १९८२ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०४३ ला पुस्तक मोकळे. नानांनी तोंडी हिशेब केला आणि म्हणाले, “तेव्हा मी अठ्ठ्याण्णव. तोवर दुसरं काहीतरी लावा.” साने गुरुजी १९५० साली गेले, ते २०११ पासून मोकळे. म्हणून ‘श्यामची आई’.

हे पुस्तक तर मोठ्याने वाचण्यासाठीच जन्मले आहे. गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. रोज रात्री प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, असे बेचाळीस रात्रींचे. बेचाळीस रात्री म्हणजे बेचाळीस फाइली. आक्का गोधड्यांच्या तंबूत बसली. पहिली फाइल आली, मी तपासली आणि फोन केला.

“किती मार्क पडनात रे भाऊ?”

“आक्का, उणे एकोणीस.”

फोनवर बराच वेळ खोलीची शांतता होती. मग ती म्हणाली, “तीस वर्षं बालवाडी चालवली मी. एका पोराला कधी शून्याच्या खाली मार्क दिले नाहीत.”

समजूत घालायला दोन दिवस गेले. पण पुढच्या रात्री जसजशा आल्या तशी माझी वही भरू लागली. तपासनिसाच्या वहीत मिनिट, सेकंद आणि दोष लिहायचा असतो. माझ्या नोंदी अशा: “मिनिट ६, सेकंद १२: प्रेशर कुकर.” “मिनिट ९, सेकंद ३: नाना खोकतात.” “मिनिट ११, सेकंद ४०: रडू.” “मिनिट ११, सेकंद ५२: रडू, चालू.” रडू हा तांत्रिक दोष आहे, यावर माझा आधी विश्वास बसला नाही, पण आहे. रडताना आवाज पाच पैशांवर उतरतो आणि मग नाक ओढले की एकदम नव्वद पैशांवर जातो. यंत्र दोन्हीकडून नापास करते.

त्यात दुसरी भानगड. आक्काचे माहेर अहिराणी बोलणारे. अहिराणीत ‘ळ’ला थारा नाही, तिथे ‘य’ येतो: डोळ्याचा डोया, जळगावचे जयगाव, धुळ्याचे धुये. आक्का जपून वाचते तेव्हा ‘ळ’ अगदी पुस्तकासारखा येतो. पण रडू कोसळले, की तिच्या तोंडी ‘य’ येतो. श्यामची आई दापोलीकडच्या पालगडची; आक्काचा गळा दाटला की ती बाई सरळ तापीच्या खोऱ्यात येऊन उभी राहते. आमच्या मंडळींत दोन तट पडले. एक म्हणाला, छापले आहे तसे वाचा, श्रोत्याला मूळ लेखक ऐकायचा आहे. दुसरा म्हणाला, पुसून काढा सगळे, प्रोग्रॅममध्ये सोय आहे. सोय आहे हे खरे. खोलीच्या गुणगुणीचा नमुना यंत्राला द्यायचा, ते तेवढी गुणगुण सगळीकडून वजा करते. पण हात जरा सैल सुटला, की माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. आणि ‘य’ वजा करायचे बटण त्यात नाही.

शेवटी आक्काने दोन रात्री पुन्हा वाचल्या. या खेपेला डोळे कोरडे, पंखा बंद, ‘ळ’ जागच्या जागी. यंत्राने तिन्ही आकड्यांना पास दिला. खोली उणे एकसष्ट. मी ऐकायला बसलो आणि दहाव्या मिनिटाला पेंगलो. एवढी निर्दोष फाइल मी आजवर ऐकली नव्हती आणि कोणाला ऐकवावी असेही वाटले नाही. श्यामची आई वारली आणि ग्रामपंचायतीची नोटीस वाचल्यासारखी वारली.

मी जुनी आणि नवी, दोन्ही घेऊन एस.टी.ने धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, धुळे. वाटेत कानाला यंत्र लावून पुन्हा ऐकले, एस.टी.च्या आवाजाने दोन्ही फाइली सारख्याच नापास. घरी गेल्यावर नानांपुढे दोन्ही लावल्या. कोणती कोणती ते सांगितले नाही. आक्का स्वयंपाकघरात होती, पण भांड्यांचा आवाज एकदम बंद पडला, तेव्हा ती ऐकते आहे हे समजले.

नाना दोन्ही पुरत्या ऐकून म्हणाले, “पहिली ठेवा.”

“नाना, त्यात पंखा आहे.”

“राहू दे. पंखा आपल्या घरचा आहे. फिरतो की नाही ते मला त्यावरूनच कळतं.”

“आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो.”

आता हे नाना असे, की ज्यांनी ‘डोया’ म्हणणाऱ्या पोरांना चौतीस वर्षे ओळीने उभे केले. हातात छडी घेऊन ‘ळ’ म्हणून घेतला. मी मनातल्या मनात तयार होतो. ते म्हणाले, “घरात ती तशीच बोलते. सहा वर्षं तोंड दिसलं नाही मला तिचं. ‘ळ’ म्हणणारी बाई कोण, ते मला माहीत नाही.”

स्वयंपाकघरातून काही आवाज नाही.

“मात्र एक करा,” नाना म्हणाले, “ते नाक ओढणं तेवढं काढा. रडायचं काम माझं आहे. ती आधीच रडून घेते, मग मला काय उरलं?”

हा निकाल मंडळींना मी जसाच्या तसा कळवला. छापल्याप्रमाणे वाचा म्हणणारे दोघे अजून नाराज आहेत आणि त्यांचेही अगदीच चूक नाही. परीक्षेला बसणारे एखादे अंध पोर हेच ऐकून पाठ करणार असेल, तर त्याने ‘डोया’ लिहून मार्क का घालवावे? त्यासाठी पारोळ्याच्या एका तरुण मास्तरीणबाईंकडून दुसरी प्रत वाचून घेणे चालू आहे. तिच्यात ‘ळ’ आहे आणि पंखा नाही. त्यांच्याकडे वीजच नसते.

आक्काच्या प्रतीतून नाक ओढणे काढायला मला तीन आठवडे लागले. बेचाळीस रात्रींत एकशे अकरा. एकेक ठळक करून उचलायचे आणि त्या जागी त्याच खोलीची, त्याच पंख्यासकट शांतता भरायची, म्हणजे सांधा कळत नाही. कुठे कुठे हुंदका आणि ‘य’ एवढे चिकटलेले होते, की ते मी सोडून दिले. खोलीचा आकडा शेवटपर्यंत उणे चव्वेचाळीसच राहिला. सरासरी जोर मात्र सगळ्या रात्रींचा एकोणिसाच्या आसपास धरला, म्हणजे नानांना उठून यंत्राचा कान पिळायला नको.

परवा धुळ्याहून एक नातेवाईक आले. ते सांगत होते, की पाचकंदिलावर मेथीची जुडी घेताना आक्का शेजारणीला म्हणत होती, “आमचे भाऊ जळगावला तपासतात ना. मला उणे एकोणीस आले. तिच्या सुनेला बघा, उणे सव्वीस. त्यात पास नाही करत.”